मेड्युलोब्लास्टोमाचा जनुकीय उपप्रकार एमआरआयवरून : काय कळते आणि काय कळत नाही
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मुलाच्या लहान मेंदूत (डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला, तोल सांभाळणारा मेंदूचा भाग) गाठ दिसली आहे आणि डॉक्टर म्हणाले आहेत, 'मेड्युलोब्लास्टोमा असावा.' असे ऐकलेल्या पालकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आमच्याकडे फाइली पाठवणारे न्यूरोसर्जन आणि एमआरआय सेंटर यांनाही त्याचा उपयोग होईल. आमची फर्म छोटी आहे आणि काम एकच आहे : एमआरआयमधल्या गाठीचे मोजमाप करून ती कोणत्या जनुकीय उपप्रकाराची असण्याची शक्यता किती, याचा अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना देणे. त्या अहवालावर किती विसंबायचे हे तो हातात पडण्याआधीच तुम्हाला माहीत असायला हवे.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. आमचा अहवाल म्हणजे निदान नव्हे. पक्के नाव मिळते ते ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतूनच. या गाठीमुळे मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, डोक्यात दाब वाढतो आणि मूल काही तासांत गुंगीत जाऊ शकते. त्यामुळे आमच्या अहवालाची वाट पाहत ऑपरेशन एक दिवसही पुढे ढकलू नका. सर्जन थांबायला तयार असतील तरच आम्हाला वेळ द्या.

एक नाव, चार आजार

मेड्युलोब्लास्टोमा हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा मेंदूचा कर्करोग असला तरी एकूण आजारांमध्ये तो दुर्मीळच. सकाळी उठल्याउठल्या डोके दुखणे, उलट्या, चालताना तोल जाणे अशी त्याची सुरुवात असते. पुष्कळदा आधी पोटाचीच औषधे चालू राहतात आणि एमआरआय उशिरा होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी पुष्कळदा एकमेकींसारख्या दिसतात, पण आतली जनुके वेगळी असतात. २०१२ साली जगभरातल्या संशोधकांनी मिळून चार मुख्य गट ठरवले : विंट, सॉनिक हेजहॉग (डॉक्टर त्याला एसएचएच म्हणतात), गट ३ आणि गट ४. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ आणि २०२१ च्या वर्गीकरणांत जनुकीय नाव हे निदानाचाच भाग झाले आहे. साधारणपणे दहातल्या एका मुलाची गाठ विंट असते आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक मुले पाच वर्षांनंतरही ठीक असतात. गट ३ मध्ये, विशेषतः एमवायसी हे जनुक अनेक पटींनी वाढलेले असेल तर, परिस्थिती फार कठीण असते. एसएचएच तीन वर्षांखालच्या बाळांत आणि मोठ्या माणसांत जास्त दिसतो. गट ४ सर्वांत मोठा, एकतृतीयांशाच्या आसपास.

फोटोत जनुक कसे दिसणार?

हा प्रश्न बहुतेक पालक विचारतात आणि तो रास्त आहे. एमआरआयमध्ये जनुक दिसत नाही. दिसते ती गाठीची जागा, आणि या आजारात जागेला अर्थ आहे.

एसएचएच गाठ लहान मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशींपासून तयार होते, म्हणून ती बहुधा एका बाजूच्या अर्धगोलात सापडते. विंट गाठीचे मूळ ब्रेनस्टेमजवळच्या (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाजवळच्या) पेशींत आहे, हे २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आले. त्यामुळे ती चौथ्या पोकळीत (ब्रेनस्टेम आणि लहान मेंदू यांच्यामधल्या पाण्याच्या जागेत) ब्रेनस्टेमला चिकटून किंवा बाजूला लहान मेंदूच्या देठाशी आढळू शकते. गट ३ आणि गट ४ च्या गाठी बहुतेक वेळा मधोमध, चौथी पोकळी भरून असतात. म्हणजे गाठ कुठल्या पेशीतून निघाली याची खूण तिच्या पत्त्यात राहते.

पत्त्यानंतर बाकीच्या खुणा. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात गाठ उजळवणारे द्रव्य) दिल्यावर गट ४ च्या अनेक गाठी फारशा उजळत नाहीत, काही तर अजिबात नाही. विंट गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून ती चांगली उजळते आणि तिच्यात रक्तस्रावाच्या जागाही दिसू शकतात. औषध गाठीत सहज शिरते तेही याच गळक्या वाहिन्यांमुळे, आणि विंटचे निकाल चांगले असण्याचे ते एक कारण मानले जाते. बाळांमधल्या एसएचएचचा एक प्रकार एमआरआयवर द्राक्षांच्या घडासारखा गाठीगाठींचा दिसतो. अनुभवी रेडिओलॉजिस्ट तो पाहताक्षणी ओळखतात. स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायने आलेखावर दाखवणारी एमआरआयची तपासणी) केली असेल तर गट ३ आणि ४ मध्ये टॉरिन या रसायनाचा उंचवटा दिसतो, एसएचएचमध्ये तो सहसा नसतो किंवा अगदी बारीक असतो.

सगळी मुले मात्र या नियमात बसत नाहीत. विंटच्या कितीतरी गाठी सरळ मधोमध असतात आणि गट ३ किंवा ४ सारख्याच दिसतात. बाळांमधला एसएचएचही मधल्या पट्ट्यात सापडतो. आमच्या अहवालात टक्केवारी असते आणि ठाम नाव नसते, ते यामुळेच.

याला पुरावा काय?

आपल्या जवळचाच अभ्यास घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी १११ रुग्णांचे ऑपरेशनपूर्वीचे एमआरआय आणि त्यांच्या गाठींचे जनुकीय निकाल ताडून पाहिले आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध केले. गाठीची जागा, कडा, कॉन्ट्रास्ट अशा खुणांवरून त्यांनी अंदाजाचे तक्ते बनवले. एसएचएच जवळजवळ ९५ टक्के वेळा बरोबर ओळखता आला. गट ३ आणि ४ साधारण चारांपैकी तीन वेळा. विंट मात्र निम्म्याहून कमी वेळा. त्याच वर्षी परदेशात तीन रुग्णालयांतल्या १०९ मुलांच्या एमआरआयवर संगणकाने पोत (चित्रातल्या करड्या छटांची मांडणी) आणि आकाराची शेकडो मोजमापे काढून असाच अभ्यास झाला. तिथेही एसएचएच आणि गट ४ हेच त्यातल्या त्यात नीट वेगळे काढता आले.

याचा तुमच्यासाठी सरळ अर्थ असा. आमच्या अहवालात एसएचएचची शक्यता मोठी दिसत असेल तर त्याला वजन द्या. विंटची शक्यता मोठी दिसली तर आनंद होईल, तो साहजिक आहे. पण तुकड्याचा निकाल येईपर्यंत त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. ज्या गटाचे नाव ऐकून सर्वांत जास्त धीर येतो, नेमका तोच एमआरआयवरून सर्वांत कमी भरवशाचा आहे. हे लपवून अहवाल विकणे आम्हाला पटत नाही.

कुणी '९९ टक्के अचूक एआय' असे सांगत असेल तर दोन गोष्टी विचारा : किती मुलांवर शिकवले, आणि ज्या रुग्णालयाच्या फाइली शिकवताना वापरल्याच नव्हत्या अशा ठिकाणी तपासले का? दुर्मीळ आजारात आकडे नेहमी लहान असतात. शंभर मुलांवर शेकडो मोजमापे लावली की संगणक त्या शंभर मुलांना पाठ करतो, आजाराला ओळखत नाही. एका सेंटरच्या मशीनच्या चुंबकाची ताकद दीड टेस्ला, दुसऱ्याची तीन, कॉन्ट्रास्ट दिल्यावर थांबण्याची वेळ वेगळी. एवढ्यानेही पोताची मोजमापे हलतात. आम्ही म्हणून जागा, कडा, उजळणे यांसारख्या डोळ्यांनी पडताळता येणाऱ्या खुणांना अहवालात पहिले स्थान देतो आणि पोताच्या मोजमापांना दुय्यम.

आमच्या टेबलावर काय होते

फाइली आल्या की आधी मुलाचे नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक काढून टाकला जातो. मग रेडिओलॉजिस्ट गाठीची कड काप-काप करून आखतात. संगणक आधी स्वतः कड काढतो, पण चौथ्या पोकळीच्या तळाशी तो हमखास अडखळतो : गाठ आणि ब्रेनस्टेम यांच्यामध्ये पाण्याची बारीक पांढरी रेघ आहे की नाही, हे उभ्या छेदातल्या टी-टू चित्रावर (ज्यात पाणी पांढरे दिसते) माणसाने पाहावे लागते. रेघ शाबूत असेल तर गाठ वरच्या बाजूने खाली आली असण्याची शक्यता वाढते. ब्रेनस्टेमच्या बाजूने रेघ पुसलेली असेल तर प्रश्न वेगळा होतो. एका मिलिमीटरच्या जागेसाठी कधीकधी दोन रेडिओलॉजिस्ट बसतात. मतभेद उरला तर तो अहवालात तसाच लिहितो.

त्यानंतर डिफ्यूजनच्या चित्रावरून एडीसी, म्हणजे पेशींमधले पाणी किती मोकळे हलते याचे माप, मोजतो. या गाठीत पेशी दाटीवाटीने असतात, पाण्याला हलायला जागा नसते, म्हणून एडीसी कमी येतो. रक्त साचलेला किंवा चुना धरलेला भाग मोजणीतून वगळावा लागतो, नाहीतर आकडा फसवतो.

फाइली कशा पाठवायच्या

फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही, मग तो कितीही स्पष्ट असो. सेंटरकडून 'डायकॉम फाइली (मशीनच्या मूळ स्वरूपातल्या फाइली) असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह' असे स्पष्ट सांगून मागा. पुष्कळ सीडींत फक्त जेपीजी चित्रे असतात. त्यांवर मोजमाप होत नाही. टी-वन, टी-टू, फ्लेअर, डिफ्यूजन एडीसीसह, आणि कॉन्ट्रास्टनंतरचे टी-वन एवढ्या मालिका हव्यातच. पाठीच्या कण्याचा एमआरआय शक्यतो ऑपरेशनच्या आधीच करून घ्या. नंतर केला तर ऑपरेशनचे रक्त खाली उतरून पसरलेल्या आजारासारखे दिसते आणि विनाकारण घोळ होतो. मूल लहान असेल तर भूल देऊन एकाच बैठकीत मेंदू आणि कणा दोन्ही होईल का, हे सेंटरला आधी विचारा.

आई-वडिलांची लेखी संमती आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. अहवाल डॉक्टरांकडे जातो, त्याची प्रत तुम्हाला मिळते.

मग या अंदाजाचा उपयोग काय?

तीन ठिकाणी खरा उपयोग होतो. एक, ऑपरेशनच्या आखणीत. गाठीचा शेवटचा कण ब्रेनस्टेमला चिकटलेला असेल तर तो खरवडून काढावा का, हा सर्जनसमोरचा अवघड प्रश्न असतो. लहान मेंदूच्या मध्यभागातल्या गाठीच्या ऑपरेशननंतर काही मुलांची वाचा कित्येक दिवस किंवा आठवडे जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले की, जनुकीय गट लक्षात घेतला तर जवळजवळ पूर्ण काढलेली गाठ आणि पूर्ण काढलेली गाठ यांत जगण्याच्या दृष्टीने ठळक फरक उरत नाही. धोका पत्करायचा की नाही हे सर्जनच ठरवतील. आमचा अहवाल त्यांच्यासमोरचा आणखी एक कागद.

दुसरे, बाळात एसएचएचची शक्यता मोठी असेल तर जनुकीय समुपदेशनाची वेळ लवकर घेता येते. काही एसएचएच गाठींमागे कुटुंबातून आलेला जनुकदोष असतो आणि अशा मुलांत रेडिएशनने पुढे नव्या गाठी होण्याचा धोका वाढतो. अशा जनुकदोषांपैकी एक असलेले टीपी ५३ हे जनुक बिघडले आहे की नाही हे मात्र एमआरआयवरून कळत नाही.

तिसरे, कोणत्या चाचण्या आधी करायच्या हे पॅथॉलॉजी विभागाला ठरवता येते.

रेडिएशन कमी करणे मात्र या अंदाजावर कधीच नाही. विंट गाठ तपासणीतून पक्की झालेल्या मुलांनाही फक्त गाठीच्या जागेपुरते रेडिएशन देऊन पाहण्याचा अभ्यास टाटा मेमोरियलमध्ये सुरू झाला होता. काही मुलांत आजार त्या जागेबाहेर उलटला आणि अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. पक्क्या नावावरही इतके जपून चालावे लागते, तर अंदाजाचे काय सांगावे.

ब्लॉक जपा

तुकड्याचा मेणाचा ब्लॉक (ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात तो) हा तुमच्या मुलाचा सर्वांत मोलाचा कागद समजा. जनुकीय गट ठरवायला ताजा तुकडाच लागतो असे नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात) नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यांवर चालणारी चाचणी २०१३ मध्येच प्रसिद्ध केली आहे. ऑपरेशन गावाकडच्या रुग्णालयात झाले आणि पुढचे उपचार मुंबईत किंवा पुण्यात असतील, तर डिस्चार्जच्या वेळी पॅथॉलॉजीकडून ब्लॉक आणि स्लाइड लेखी अर्ज देऊन मागून घ्या, पोच घ्या, आणि ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळते. तुकड्याचा निकाल आला की त्याची एक प्रत आम्हालाही कळवा. आमचा अंदाज बरोबर होता की चूक, हे आम्ही प्रत्येक अहवालापुढे नोंदवतो आणि ती नोंद कोणत्याही डॉक्टरांना मागितल्यावर दाखवतो. फाइली काम संपल्यावर पुसल्या जातात. त्या संशोधनासाठी ठेवायच्या असतील तर वेगळ्या संमतिपत्रावर तुमची सही लागते, आणि सही नाकारली म्हणून अहवालात किंवा शुल्कात काही बदलत नाही.