नव्या इंटरनेट पत्त्यांची मोजणी

बेळगावच्या खडेबाजारात उभं राहून मोबाइल डेटा सुरू करा आणि फोनच्या सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस, म्हणजे फोनचा इंटरनेटवरचा पत्ता, शोधा. बहुतेक वेळा दोन पत्ते दिसतील. एक टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचा, आयपीव्ही४ हा जुना. दुसरा लांबलचक, आकड्यांत अक्षरं मिसळलेला आणि मधे मधे अपूर्णविराम असलेला. तो आयपीव्ही६.

जुना पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक भरायच्या ३२ घरांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. आता एकाच जुन्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवून कंपन्या वेळ निभावतात. नवा पत्ता १२८ बिटांचा आहे, त्याला टंचाई नाही.

पण तो किती रुजला? किती पत्ते वाटले, यावरून काही ठरत नाही. वाटलेले पत्ते पडूनही राहतात. नव्या पत्त्यावर किती वेबसाइट आहेत हे मोजलं, तरी ग्राहक तिथवर पोचतो का, ते कळत नाही. म्हणून ग्राहकाच्या टोकाकडून केलेली मोजणीच मला खरी वाटते. गूगल आपल्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण नव्या पत्त्यावरून आले, ते नोंदवतं. आशिया-पॅसिफिक भागात पत्ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेची रीत तर फारच सुंदर आहे. ऑनलाइन जाहिरातीच्या पोटात ती एक छोटा प्रोग्राम ठेवते. जाहिरातीवर बोट लावायचीही गरज नाही. ती दिसली की ब्राउझर काही चिमुकल्या फायली मागवतो. एक फक्त जुन्या पत्त्यावर ठेवलेली, एक फक्त नव्या, एक दोन्हींवर. कोणती पोचली, यावरून त्या ग्राहकाची कुवत कळते. दोन्हींवर असलेली फाइल कुठल्या वाटेनं आली, यावरून त्याच्या फोनची पसंती.

या मोजण्यांत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. त्याचं मोठं श्रेय मोबाइल कंपन्यांना, विशेषतः २०१६ मध्ये आलेल्या जिओला. गूगलचा जागतिक आलेख शनिवार-रविवारी थोडा वर चढतो, कारण ऑफिसांतली जाळी (नेटवर्क) जुन्या पत्त्यांवर अडून आहेत आणि सुट्टीत माणसं घरच्या जोडणीवर किंवा मोबाइलवर असतात.

आपल्या सीमाभागाचा वेगळा आकडा कुणी दाखवला, तर मात्र जपून घ्या. पत्ता गावाचा नसतो, जाळ्याचा असतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याजवळ फोन कधी पलीकडचा टॉवर धरतो. शिवाय मोबाइलचा डेटा पुष्कळदा दूरच्या मोठ्या शहरातून इंटरनेटवर बाहेर पडतो, त्यामुळे खानापूरचा माणूस मोजणीत बंगळूरचा ठरू शकतो. देशाच्या आकड्याला यानं धक्का लागत नाही, जिल्ह्याच्या आकड्याला लागतो.

त्यापेक्षा घरचं आणि ऑफिसचं वायफाय स्वतः तपासावं. तिथे एफई८० ने सुरू होणारा लांब पत्ता दिसला तर तो धरू नका. तो त्या वायफायच्या आतच चालतो. सध्या बाहेर चालणारे नवे पत्ते २ किंवा ३ ने सुरू होतात. तसा एकही दिसला नाही, तर इंटरनेट देणाऱ्याला फोन करून विचारा.