तेलगळतीवरच्या इलाजाची पार्श्वभूमी

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार दगावले. सुमारे १,५०० मीटर खोलीवरची माकोन्दो विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. पुढे खटल्यात समुद्रात गेलेले तेल ३१ लाख ९० हजार पिंपे धरले गेले. ते किनाऱ्याला लागू नये म्हणून सुमारे ७० लाख लिटर डिस्पर्संट, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करणारे रसायन, वापरण्यात आले. त्यातले ४० टक्क्यांहून अधिक थेट तळाशी, विहिरीच्या तोंडाशी सोडले.

या उपायाचा पूर्वेतिहास मुळीच चांगला नाही. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅन्यन' हे टँकर इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला खडकावर चढले आणि कॉर्नवॉलचे किनारे काळे झाले. तेव्हा सुमारे १० हजार टन डिटर्जंट ओतले गेले. ही कारखान्यांत तेलकटपणा काढायला वापरतात तसली द्रव्ये. त्यांतले द्रावक तेलापेक्षाही विषारी होते. खडकांना चिकटून शेवाळ खरवडणारे लिंपेट हे शंखवर्गीय प्राणी मेले. चरणारेच उरले नाहीत म्हटल्यावर शेवाळ माजले आणि खडक हिरवेगार झाले. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, निसर्ग सावरला! प्रत्यक्षात अशा किनाऱ्यांची घडी बसायला दहा-पंधरा वर्षे लागली. कॉर्नवॉलमधल्याच गॉड्रेव्हीला मात्र सील या समुद्री प्राण्यांना इजा होऊ नये म्हणून फवारणी टाळली होती. तिथला किनारा दोन-तीन वर्षांत पूर्ववत झाला. रोगापेक्षा औषध भयंकर, याचा इतका उघड दाखला क्वचित मिळतो.

१९८९ मध्ये अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डेझ' या टँकरमधून तेल सांडल्यानंतर मोठ्या दाबाच्या गरम पाण्याने किनारे धुतले, तेव्हाही तेलातून वाचलेले शिंपले त्या पाण्याने मेले.

२०१० पर्यंत रसायने सौम्य झाली होती, हे खरे. आखाताच्या काठावरच्या लुइझियाना राज्यातल्या दलदलीकडे जाणारे तेल अडवण्याचा आग्रहही समजण्यासारखा होता, कारण तिथले गवत मुळासकट मेले की काठाची मातीच वाहून जाते. तरीही तेल तिथे पोहोचलेच. तिथल्याच बारातारिया उपसागरातल्या डॉल्फिनना फुप्फुसांचे विकार जडले. खोल पाण्यातही, सुमारे १,१०० मीटरवर, तेलाचा लांबलचक पट्टा तयार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस विहिरीपासून ११ किलोमीटरवर, शेकडो वर्षे वाढलेल्या प्रवाळांवर तपकिरी, चिकट थर आढळला. त्या थरात डिस्पर्संटमधला एक घटक अजून शिल्लक होता.