सॅटेलाईटला झोपडपट्टी ओळखू येते ती कशी?

परवा ग्रुपवर फॉरवर्ड आला, आता सॅटेलाईट आणि एआय मिळून शहरातली एकूण एक झोपडी मोजणार, कोणाचंच काही लपणार नाही. हे वाचून राहवलं नाही.

आधी साधं गणित. सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाईटची फुकट मिळणारी इमेज घेतली तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर. आपली १० बाय १२ फुटाची खोली भरते साधारण ११ चौरस मीटर, म्हणजे एका पिक्सेलात नऊ खोल्या, आणि नवांचा मिळून एकच रंग. ३० सेंटीमीटरची महागडी इमेज घेतली की तीच खोली सव्वाशेक पिक्सेलची होते, पण तरी कॉम्प्युटर बऱ्याचदा घर शोधत नाही, पोत (टेक्स्चर) शोधतो. मला ही पद्धत फार आवडते, १९७३ मध्ये हॅरलिक या संशोधकांनी मांडलेली. शेजारशेजारच्या दोन पिक्सेलचा उजळपणा बघायचा, अशा सगळ्या जोड्या मोजून चौकोनी तक्ता भरायचा, आडवी ओळ पहिल्याच्या उजळपणाची, उभा रकाना दुसऱ्याच्या. सोसायटीच्या गच्चीवर उजळाला लागून उजळच येतं, आकडे तक्त्याच्या कर्णावर गोळा होतात. वस्तीत चकाकता पत्रा, त्याला चिकटून टायर ठेवून दाबलेली निळी ताडपत्री, मग हातभर बोळाची काळी रेघ, परत पत्रा, त्यामुळे आकडे कर्णापासून लांब पांगतात. पांगले की शिक्का बसला, झोपडपट्टी.

आता दाटीवाटीच्या जुन्या कोळीवाड्याचा पोतही असाच येऊ शकतो ना! आणि पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर राहणारा भाडेकरू तर कुठल्याच इमेजमध्ये येत नाही. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात फुकट घराचा हक्क झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची आहे का यावर अडतो, तिथे जुन्या इमेजमधला झाडाखाली झाकलेला ठिपका कोणी घर तेव्हा नव्हतंच याचा पुरावा म्हणून पुढे केला तर त्या माणसाने काय करायचं? त्याला तर इमेज काढताना कोणी विचारलंही नव्हतं.

केनियातल्या नैरोबी शहरात किबेरा नावाची झोपडपट्टी आहे, तिची लोकसंख्या दहा लाखांची असं वर्षानुवर्षं बिनधास्त सांगत होते, २००९ च्या जनगणनेत निघाली १ लाख ७० हजारांच्या आसपास. त्याच वर्षी तिथल्या तरुण पोरापोरींनी हातात जीपीएस घेऊन बोळाबोळातून फिरून मॅप किबेरा नावाचा नकाशा बनवायला घेतला, नळ, संडास, दवाखाने, शाळा स्वतः टिपल्या. आपल्याकडे पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने सॅटेलाईट इमेजला घरोघरच्या सर्व्हेची जोड दिली, त्यावरून कुठल्या घरात संडास नाही ते नकाशावर दिसायला लागलं आणि तिथल्या लोकांच्या घरात संडास बांधून झाले.