घर मावशीचं, भाडं आपलं: ब्रिटनमध्ये भाड्याच्या मदतीचा अर्ज कुठे अडतो

लहान बाळ, तुटपुंजा पगार आणि घर नात्यातल्या कुणाचं तरी. या तीन गोष्टी एकत्र आल्या की ब्रिटनमध्ये भाड्याच्या मदतीचा अर्ज बरेचदा अडकतो. एकदा नकार आला की ओळखीपाळखीत बातमी पसरते, 'नातेवाइकाकडे राहिलं की मिळतच नाही.' असा नियमच नाही. मिळतं. फक्त अनोळखी घरमालकाकडे भाडेकरूच्या हातात जे कागद आपोआप पडतात, ते नात्यात कुणी करून ठेवलेले नसतात आणि कार्यालय नेमके तेच मागतं.

आधी एक घोळ मिटवू. सगळे 'हाउसिंग बेनिफिट' (भाड्याची जुनी मदत) म्हणतात आणि काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, दारात जातात. पेन्शनच्या वयाची माणसं आणि काही खास प्रकारची निवासस्थानं सोडली, तर नवा अर्ज आता युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या मासिक सरकारी मदतीत, ऑनलाइन करायचा असतो. भाड्याची रक्कम त्याचाच एक भाग असते. काउन्सिलने परत पाठवलं म्हणून दोन-तीन आठवडे वाया गेले, तर ते पैसे सहसा गेलेच, कारण हक्क ऑनलाइन अर्ज पूर्ण केल्या दिवसापासून मोजला जातो. मागच्या तारखेपासून मिळण्याची सोय जेमतेम एक महिन्याची आहे, तीही आजारपणासारख्या ठरावीक कारणांसाठीच. 'मला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही.

व्हिसा आधी बघा, बाकी नंतर

वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा, जोडीदाराचा व्हिसा यांवर बहुतेक वेळा सरकारी निधी घेण्यास मनाई असते. त्या निधीत युनिव्हर्सल क्रेडिट येतं, चाइल्ड बेनिफिट येतं, काउन्सिल टॅक्समधली (घरपट्टीसारख्या स्थानिक करातली) सवलतही येते. अशी अट असताना अर्ज केला तर पैसे नाकारले जाणं ही किरकोळ गोष्ट. पुढचा व्हिसा अडचणीत येऊ शकतो. 'बाळ इथे जन्मलं ना' हे मला सारखं ऐकावं लागतं. १ जानेवारी १९८३ नंतर केवळ जन्माने ब्रिटिश नागरिकत्व मिळत नाही, आणि बाळ ब्रिटिश असलं तरी आईबापांच्या व्हिसावरची अट काही पुसली जात नाही. दोघांपैकी एकालाच अट असेल तर अर्ज करता येऊ शकतो, पण तो स्वतःच्या डोक्याने भरू नका. सिटिझन्स ॲडव्हाइससारख्या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत आधी विचारा.

स्विंडन, साउथॉल भागातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोवेकरांची गोष्ट निराळी. सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना मिळालेला कायम राहण्याचा हक्क) असेल तर प्रश्न नाही. प्री-सेटल्ड, म्हणजे त्याआधीचा तात्पुरता दर्जा, असेल तर तेवढ्याने भागत नाही. तुम्ही इथे नोकरी करता किंवा इतर मान्य कारणाने राहता हे वेगळं दाखवावं लागतं, म्हणून पगाराच्या पावत्या जपून ठेवा. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईची नोकरी सुटलेली नसते, हे कार्यालयाला कधीकधी आपणच सांगावं लागतं.

नातेवाईक त्याच घरात राहतो का?

सगळ्यात जास्त अर्ज या प्रश्नावर पडतात. जवळचा नातेवाईक घरमालक असेल आणि तोही त्याच घरात राहत असेल, तर भाड्याची रक्कम मिळत नाही. किती भाडं देता, किती वर्षं देता, याने फरक पडत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटचा बाकीचा भाग, म्हणजे तुमचा आणि मुलाचा, तरीही मिळू शकतो. तेव्हा 'भाडं नाही मिळत' म्हणून अख्खा अर्जच सोडून देऊ नका. आईवडिलांच्या घरात वरच्या खोलीत राहणारी किती तरी जोडपी हेच करतात.

'जवळचा' म्हणजे कोण, याची नियमात यादी आहे: आईवडील, सासूसासरे, मुलगा-मुलगी, सून-जावई, सावत्र आईवडील आणि सावत्र मुलं, भाऊ-बहीण, आणि या सगळ्यांचे जोडीदार. अर्ज दोघांचा असल्याने दोन्हीकडची नाती धरली जातात, म्हणून दीर आणि नणंदही आलेच. मावशी, आत्या, काका, मामा, आजी-आजोबा आणि चुलत-मावस भावंडं या यादीत नाहीत. मावशीच्या घरात, मावशीसोबत राहून भाडं देत असाल तर केवळ नात्यावरून अर्ज फेटाळता येत नाही. पुढची, व्यवहाराची चाचणी मात्र त्यातही द्यावीच लागते.

आणि भावाचं दुसरं घर असेल, भाऊ तिकडे राहत नसेल, तर भाऊ असण्याने अर्ज बाद होत नाही. स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर असलेला खालचा फ्लॅटही वेगळं घर मानला जाऊ शकतो. पण कागदांवर ते वेगळं दिसलं पाहिजे. एक उदाहरण नेहमी आठवतं. करारनामा इंटरनेटवरून उतरवलेला, दोन्ही सह्या व्यवस्थित. फक्त घरमालकाच्या पत्त्याच्या रकान्यात मामाने सवयीने भाड्याच्या घराचाच पत्ता लिहिला होता, कारण त्याची बँकेची पत्रं अजून तिथेच येत होती. काउन्सिल टॅक्सच्या बिलावरही त्याचंच नाव. कार्यालयाने निष्कर्ष काढला की मामा तिथेच राहतो आणि घरगुती सोयीला भाडं म्हटलंय. मामा कधीच दुसऱ्या गावी राहायला गेला होता. तेव्हा अर्जाआधी घरमालक नातेवाइकाचं बँक, मतदारयादी, डॉक्टर, ड्रायव्हिंग लायसन्स आणि काउन्सिल टॅक्स, सगळीकडचं नाव त्याच्या खऱ्या पत्त्यावर गेलंय ना ते बघा.

व्यवहार की घरगुती समजूत?

भाड्याची जबाबदारी व्यवहाराच्या पायावर असली पाहिजे आणि केवळ मदत मिळावी म्हणून रचलेली नसावी, अशा दोन अटी आहेत. अधिकारी विचारतात ते साधारण असं: भाडं कधी ठरलं? त्याआधी इथे फुकट राहत होता का? भाडं थकलं तर काका घर खाली करायला सांगतील का? हेच घर अनोळखी माणसाला दिलं असतं का?

शेवटच्या दोन प्रश्नांना आपली माणसं भाबडेपणाने उत्तरं देतात. 'छे हो, काका कशाला बाहेर काढतील!' हे प्रेम झालं, पण फाइलमध्ये ते 'देणं बंधनकारक नाही' असं नोंदवलं जातं. खोटं बोलू नका. पण पूर्ण खरं सांगा: काकांना या घराचा हप्ता भरायचा असतो, भाडं आलं नाही तर त्यांना दुसरा भाडेकरू बघावा लागेल. बहुतेक घरांत वस्तुस्थिती हीच असते, फक्त ती मोठ्याने बोलायचा आपल्याला संकोच वाटतो.

बाजारभावापेक्षा भाडं थोडं कमी असणं हा गुन्हा नाही. नात्यात ते असतंच. उलट ज्या आठवड्यात अर्ज केला त्याच आठवड्यात भाडं सुरू झालं, आणि रक्कम त्या भागातल्या भाड्याच्या मदतीच्या सरकारी मर्यादेशी पेनीपर्यंत जुळली, तर संशय यायला तेवढं पुरतं.

जो कागद कुणाकडेच नसतो

लेखी करार नसला तर घरमालकाचं सही केलेलं पत्र चालू शकतं: घराचा पत्ता, भाडं किती आणि कधी द्यायचं, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या नावावर, घरमालकाचा स्वतःचा पत्ता आणि फोन. भाड्यात वीज-गॅस धरला असेल तर तो वेगळा लिहा, कारण त्याचे पैसे यातून मिळत नाहीत. ओळखपत्र, बाळाचा जन्मदाखला, पगाराच्या पावत्या या नेहमीच्या गोष्टी.

खरी पंचाईत भाडं दिल्याच्या पुराव्याची. पैसे रोख दिलेले असतात, सणासुदीला पाकिटातून, किंवा मावशीच्या किराण्यात वळते केलेले. बँकेतून गेले असले तरी संदर्भाच्या जागी 'घरखर्च', 'लव्ह यू मावशी' किंवा नुसतं एक बदामाचं चित्र. वाचणाऱ्याला त्यातून भाडं कसं दिसणार? आजपासून दर महिन्याला एकाच तारखेला, एकाच रकमेचं, 'भाडं' असं लिहून बँकेतून पाठवा. आधी रोख दिलं असेल तर आपल्या खात्यातून ते पैसे काढल्याच्या नोंदी आणि मावशीच्या खात्यात भरल्याच्या नोंदी जुळवा. जेवढ्या जुळतील तेवढ्याच दाखवा. मागच्या तारखेच्या पावत्या बसून लिहू नका. एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या बारा पावत्या लगेच ओळखू येतात, आणि मग खरं असलेलंही कुणी मानत नाही.

कधीकधी अडचण मावशीकडून असते. 'पैसे दे, पण कागद नको.' कारण भाडं हे उत्पन्न आहे आणि ते बहुधा करखात्याला सांगावं लागतं. घरावर कर्ज असेल तर बँकेची परवानगी लागते, दरवर्षी गॅसची तपासणी लागते, अनामत घेतली तर ती सहसा ठरावीक योजनेत ठेवावी लागते. मावशी स्वतः काउन्सिलच्या घराची भाडेकरू असेल आणि घर तुम्हाला देऊन दुसरीकडे राहत असेल, तर इंग्लंड-वेल्समध्ये तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. त्या परिस्थितीत अर्ज करून तिला अडचणीत टाकण्याआधी सल्ला घ्या. तिच्याशी हे बोलणं अवघड जातं, पण ते अर्जाच्या आधीच झालेलं बरं, कारण नंतर कार्यालय तिलाही फोन करू शकतं.

अजून एक, फक्त आपल्याकडचं. पुण्यात किंवा नाशिकला तुमच्या नावावर फ्लॅट आहे? मुदत ठेव आहे? देशाबाहेरची मालमत्ताही मोजली जाते. दोघांची मिळून १६,००० पौंडांवर गेली तर काहीच मिळत नाही, ६,००० च्या वर असेल तर रक्कम कमी होते. त्या फ्लॅटमध्ये तुमचे पेन्शनच्या वयाचे आईवडील राहत असतील तर त्याची किंमत वगळली जाऊ शकते, पण तशी ती सांगून वगळून घ्यावी लागते. लपवून ठेवली आणि सापडली, की पैसे परत करावे लागतात आणि वर दंड.

रक्कम किती, खोल्या किती

भाडं कितीही असो, खाजगी घराला मदत मिळते ती त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. या मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये वाढवल्या आणि मग गोठवल्या. भाडी काही गोठलेली नाहीत, हे सांगायला नकोच. पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला बहुधा एका खोलीचाच दर लागतो. इंटरनेटवर हे वाचून तरुण आईबाप घाबरतात. मूल तुमच्यासोबत राहत असेल तर हा नियम तुम्हाला लागू नाही. जोडपं आणि एक बाळ म्हणजे दोन बेडरूमचा दर. दहा वर्षांखालच्या दोन मुलांनी एक खोली वाटून घ्यावी, असं नियम धरून चालतो. वय सोळा-सतरा असलं तरी मूल असेल तर अर्ज करता येतो.

करारावर तुमच्या दोघांशिवाय भावाचंही नाव असेल, तर भाडं तीन डोक्यांत वाटलं जातं आणि तुमच्या वाट्याला दोन तृतीयांश धरलं जातं. भाऊ प्रत्यक्षात पैसे देत नाही, ही तुमच्या घरातली गोष्ट.

तारखा

पहिले पैसे हातात यायला साधारण पाच आठवडे लागतात. तोवर उचल मागता येते, पण ती पुढच्या पैशांतून कापून घेतात.

पोटातलं बाळ खोलीच्या हिशोबात येत नाही, जन्मल्यावरच येतं. ते कळवायचं असतं त्याच हिशोबाच्या महिन्यात. हा महिना एक तारखेला सुरू होत नाही, तर तुमच्या अर्जाच्या तारखेवरून ठरतो, म्हणजे अठरा ते सतरा असा काहीही असू शकतो. बाळ चौदाला झालं आणि तुम्ही वीसला कळवलंत, तर सहा दिवसांच्या उशिराने त्या महिन्याचे पैसे जाऊ शकतात. टाके दुखत असताना कोण जर्नल (ऑनलाइन खात्यातली निरोपांची वही) उघडणार? म्हणून जोडीदाराला लॉगिन आधीच येत असू द्या. दोघांची खाती वेगळी असतात पण अर्ज एकच असतो. जन्मदाखला नंतर दिला तरी चालतो, कळवणं आधी.

काउन्सिल टॅक्सची सवलत यात येत नाही. तिच्यासाठी मात्र काउन्सिलकडेच वेगळा अर्ज करायचा. म्हणजे जिथून तुम्हाला परत पाठवलं होतं तिथेच पुन्हा जायचं.

नकार आला तर

एक महिन्यात फेरविचार मागा. हा महिना निर्णयावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही तो जर्नलमध्ये वाचलात त्या दिवसापासून नाही. नवा अर्ज करू नका, त्याने जुने पैसे सुटतात. फेरविचाराच्या विनंतीत भावना कमी आणि मुद्दे जास्त: घरमालक कुठे राहतो, त्याचा पुरावा, भाडं कधीपासून, त्याचा पुरावा, भाडं न दिल्यास काय होईल, घरमालकाच्या सहीने. फेरविचारातही नकार मिळाला तर पुन्हा एका महिन्यात स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. त्याला फी नाही. तिथे बसलेली माणसं कार्यालयाची नसतात आणि कागद खरोखर वाचतात. अपिलाच्या फॉर्मवर दुभाषी हवा का असं विचारलेलं असतं. मराठी लिहा, तो फुकट मिळतो. घरमालक मावशीला दुभाषी म्हणून नेऊ नका, तिला साक्षीदार म्हणून न्या.