कोरडवाहू तेलबिया, पानांवरची फवारणी आणि नॅनो खतांचा वाद

मुंबईतल्या मशीद बंदरच्या तेलबाजारातले भाव हल्ली क्वालालंपूरच्या पामतेल आणि शिकागोच्या सोयातेल बाजाराकडे बघून निघतात. 1986 च्या तेलबिया मोहिमेनंतर काही वर्षे आयात आटली होती. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि चित्र पुन्हा पालटले. आता देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल जहाजांतून येते. इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे.

आपल्या तेलबिया बहुतांशी पावसावर पिकतात, हे मात्र आयातीच्या चर्चेत मागे पडते. महाराष्ट्रात एके काळी करडई, जवस, कारळा यांचे राज्य होते. करडईचे सोटमूळ खोल जाते, रब्बीत जमिनीतल्या ओलीवरच ती तगते. गेल्या तीन-चार दशकांत विदर्भ-मराठवाड्यात तिची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनचा फुलोरा आणि शेंगा भरण्याचा काळ ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. नेमका तेव्हा पावसाने खंड दिला की फुले गळतात, शेंगा पोचट राहतात. 2023 चा ऑगस्ट तर देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. म्हणजे पाण्याचा ताण सोसणारे पीक आपणच मागे टाकले आणि नव्या पिकाला ताण सोसायला लावणारे औषध शोधत बसलो.

पानांतून अन्न देण्याची कल्पना जुनीच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पिवळ्या पडलेल्या झाडांवर लोहाच्या क्षाराचे पाणी मारून पाहिले होते. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये किरणोत्सारी खुणेची मूलद्रव्ये पानांवर लावून ती झाडात कुठवर जातात हे मोजले गेले. आपल्याकडे ही विद्या साध्या शिफारशींच्या रूपाने रुजली: खंड पडला की 13:0:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम. यातले पालाश (पोटॅशियम) पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांच्या, उघडझापीवर आणि पेशींतले पाणी टिकवण्यावर काम करते. जोडीला पानांवरून होणारे बाष्पीभवन कमी करण्यासाठी केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राने भुईमुगाच्या उत्परिवर्तित वाणांबरोबरच मोहरीवर थायोयुरिया या गंधकयुक्त रसायनाच्या फवारणीचेही काम केले. या कामाची बातमी क्वचितच झाली.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. झाड ताणात गेले की रंध्रे मिटतात, पानावरचे मेणाचे आवरण राठ होते आणि फवारलेले आत कमी शिरते. भर दुपारी जास्त तीव्रतेचे द्रावण मारले तर पाने करपतात. म्हणून फवारणी ताणाच्या सुरुवातीला, सकाळी किंवा संध्याकाळी. पाठीवरच्या पंपाने एकरी दीड-दोनशे लिटर पाणी लागते, आणि खंडाच्या दिवसांत विहिरीला तेच नसते.

नॅनोची आशा इथून निर्माण झाली. 100 नॅनोमीटरहून बारीक कण, त्यामुळे थोड्या मात्रेत जास्त काम. 2012 मध्ये आंध्रातून भुईमुगावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नॅनो झिंक ऑक्साइडच्या, म्हणजे जस्ताच्या, 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) मात्रेने उगवण आणि वाढ सुधारली, 2000 पीपीएमला मात्र तेच द्रव्य बाधले. फायदा आणि अपाय यांत इतकेच अंतर, ही गोष्ट पुढच्या जाहिरातींत कुठे दिसली नाही.

बाजारात पहिली आली ती जस्ताची नव्हे, युरियाची बाटली. फेब्रुवारी 2021 मध्ये नॅनो युरियाला खत नियंत्रण आदेशाखाली, म्हणजे खतांच्या विक्रीवरच्या केंद्राच्या नियमांखाली, तीन वर्षांची तात्पुरती मान्यता मिळाली. 500 मिलिची बाटली 45 किलोच्या गोणीची जागा घेईल, असा दावा झाला. इथे आकडे मांडलेच पाहिजेत. त्या पहिल्या बाटलीत नत्र (नायट्रोजन) 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. गोणीत 46 टक्के, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. फरक हजारपटीचा. जमिनीत टाकलेल्या युरियातले 30 ते 40 टक्केच नत्र पिकाला मिळते, उरलेले उडते किंवा वाहून जाते, हे समर्थकांचे म्हणणे बरोबर आहे. पण 40 टक्के धरले तरी ते आठ किलोच्या वर जाते, आणि बाटलीतला थेंब न थेंब पिकाला लागला तरी तो 20 ग्रॅमच. पंजाबातल्या दोन वर्षांच्या चाचण्यांत गोणी कमी करून बाटली वापरल्यावर भात आणि गव्हाचे उत्पादन घटले. बाटली बनवणाऱ्या इफको या सहकारी संस्थेने मात्रा आणि वेळेकडे बोट दाखवले.

हा वाद गहू-भाताचा. तेलबियांच्या बाबतीत तो आणखी विचित्र होतो. सोयाबीन आणि भुईमूग ही शेंगवर्गीय पिके, मुळांवरच्या गाठींतून बरेचसे नत्र स्वतःच मिळवणारी. त्यांना कमी पडते ते गंधक, जस्त, बोरॉन आणि पालाश. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतात गंधक नाही, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 11 टक्के असते. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे हे सांगत आले आहेत.

तरीही पैसा नत्राच्या बाटलीकडे वळला. राज्याने 2022-23 पासून कापूस, सोयाबीन आणि इतर तेलबियांसाठी तीन वर्षांची, 1000 कोटींची कृती योजना आखली. 2024 मध्ये मंत्रालयात ठरले की तिच्यातल्या काही बाबींसाठी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे न टाकता वस्तूच खरेदी करून वाटायच्या: नॅनो युरिया, नॅनो डीएपी, बॅटरीवरचे फवारणी पंप. थेट खात्यात रक्कम देण्याचे धोरण राज्यानेच 2016 मध्ये स्वीकारले होते. मग खरेदीच्या दरांवरून आरोप-प्रत्यारोप झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मुंबईतल्या पत्रकार परिषदांत दरांची चर्चा भरपूर झाली. शेंगांच्या पिकाला नत्राची बाटली कशासाठी, हा प्रश्न जवळपास कोणी विचारला नाही.

गावपातळीवर या काळात ‘लिंकिंग’चा त्रास वाढला. युरिया किंवा डीएपीची गोणी हवी तर सोबत बाटली घ्या, अशी गळ. विक्रेते म्हणतात आम्हाला वरून तसाच माल येतो. जुलै 2025 मध्ये केंद्राने राज्यांना ही सक्ती थांबवायला सांगितले.

2024 मध्ये नॅनो झिंकही खत नियंत्रण आदेशात आले. तेलबियांचा विचार आधी झाला असता तर क्रम उलटा असता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने 10,103 कोटींची नवी तेलबिया मोहीम मंजूर केली. एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यात भागवणारे ड्रोन आता महिला बचत गटांना मिळू लागले आहेत, त्यामुळे पाण्याची अडचण काही अंशी सुटेल. टाकीत 13:0:45 जाणार की नॅनो युरिया, हे सध्या तरी कृषी सेवा केंद्रात काय शिल्लक आहे त्यावर ठरते.