‘त्याच वेळी’ म्हणजे नेमकं कधी? व्ही गळ्याच्या स्वेटरचं गणित

पुढच्या भागाचे ११२ टाके सुईवर आहेत. काखेपर्यंत विणून झालंय. आता मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि गळा घडवायचा आहे. आणि पॅटर्नमध्ये, म्हणजे विणायच्या लेखी सूचनांमध्ये, पुढे हे लिहिलेलं आहे: ‘पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ६-६ टाके बंद करा. आता मुंढ्याच्या कडेला दर दुसऱ्या ओळीत १ टाका, असं ८ वेळा कमी करा. त्याच वेळी टाके मधोमध विभागून गळ्याच्या कडेला दर चौथ्या ओळीत १ टाका, असं १६ वेळा कमी करा. डावी बाजू पूर्ण करा. उजवी बाजू आकार उलटा ठेवून विणा.’

एवढ्या चार-पाच वाक्यांत साठाहून जास्त ओळी कोंबल्या आहेत, आणि त्यासुद्धा दोन बाजूंच्या. गोंधळ होतो तो विणणाऱ्या हातांमुळे नाही, लिहिण्याच्या पद्धतीमुळे. छापील जागा वाचावी म्हणून पॅटर्न लिहिणारे मजकूर आवळतात, आणि तो सोडवून घ्यायचं काम आपल्याकडे येतं. ते सुया हातात घेण्याआधी, चौकटीच्या वहीवर करावं.

पहिलं वाक्य घेऊ. दोन्ही काखांचे टाके एकाच ओळीत का बंद करत नाहीत? कारण लोकरीचा धागा एका वेळी एकाच टोकाला असतो. कडेचे टाके बंद करायचे तर ते ओळीच्या सुरुवातीलाच जमतं. शेवटी केले तर धागा कापून नव्याने जोडावा लागतो. म्हणून एक काख सुलट ओळीत (स्वेटरची बाहेरची बाजू आपल्याकडे असते ती) आणि दुसरी पुढच्या उलट ओळीत. दोन काखा एका ओळीने मागे-पुढे राहतात, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. शिवणीत ते कळतही नाही. ‘उलट ओळ विणून थांबा, मग मुंढ्याला सुरुवात करा’ अशी सूचना असते तीही याचसाठी: पुढची ओळ सुलट बाजूची यायला हवी.

११२ मधून १२ गेले, राहिले १००. विभागल्यावर एका बाजूला ५०. आता खरा पेच ‘त्याच वेळी’चा.

वहीवर ओळींचे आकडे उभे लिहा आणि शेजारी तीन रकाने आखा, एक मुंढ्याचा, एक गळ्याचा आणि एक उरलेल्या टाक्यांचा. मुंढ्याच्या रकान्यात १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५ या ओळींवर खूण. गळ्याच्या रकान्यात १, ५, ९, १३ आणि असंच चार-चारने पुढे ६१ पर्यंत. तिसऱ्या रकान्यात उरलेले टाके लिहीत जा. पहिल्या ओळीत दोन्हीकडे खूण आहे, ५० चे ४८ झाले. तिसरीत फक्त मुंढा, ४७. पाचवीत परत दोन्ही, ४५. पंधराव्या ओळीला मुंढ्याचे आठ टाके संपतात तेव्हा गळ्याचे चार कमी झालेले असतात आणि सुईवर ३८ उरतात. तिथून पुढे फक्त गळा: १७ पासून ६१ पर्यंत बारा वेळा. शेवटी २६ टाके. तोच खांदा.

‘त्याच वेळी’कडे लक्ष न जाता आधी मुंढा आणि मग गळा असं विणलं तर काय होतं, हे मुद्दाम करून पाहण्यासारखं आहे. मुंढा पंधराव्या ओळीला संपतो, गळा सतराव्या ओळीला सुरू होतो आणि ७७ व्या ओळीला संपतो. टाके तरीही २६ च! मोजणी अचूक जुळते, म्हणून शंकाही येत नाही. मात्र पुढचा भाग १६ ओळींनी वाढलेला असतो, साधारण ५ सेंटिमीटर. पाठीला जोडायला गेलं की खांदे जुळत नाहीत, तेव्हा चूक दिसते. टाके बरोबर आले म्हणजे काम बरोबर झालं, हा भरवसा ठेवू नये. टाक्यांसोबत ओळीही मोजाव्यात.

‘दर चौथ्या ओळीत’ यातही एक खड्डा आहे. याचा अर्थ एक ओळ टाका कमी करण्याची आणि मग तीन ओळी साध्या. चार साध्या ओळी सोडून पुढच्या ओळीत टाका कमी केला तर ते दर पाचव्या ओळीत होतं. सोळा वेळांत पंधरा अंतरं येतात. दर अंतराला एक जादा ओळ, म्हणजे १५ ओळी, पुन्हा ५ सेंटिमीटर. शिवाय एक आड एक घट (टाका कमी करणं) उलट ओळीवर येते, आणि गळ्याची कड खडबडीत दिसते.

आता ‘आकार उलटा ठेवून’. आधी हे स्पष्ट हवं की डावी बाजू म्हणजे स्वेटर घालणाऱ्याची डावी. विणताना, सुलट बाजू आपल्याकडे असते तेव्हा, ती आपल्या उजव्या हाताला येते. टाका कमी करण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही सारख्या नाहीत. दोन टाके एकत्र सुलट विणले की वर राहणारा टाका उजवीकडे झुकतो. एक टाका न विणता उचलला, पुढचा सुलट विणला आणि उचललेला त्यावरून ओढून टाकला, तर तो डावीकडे झुकतो. टाक्याचा झुकाव कडेच्या उतारासोबत जायला हवा, तरच कड रेघेसारखी सरळ दिसते.

म्हणून डाव्या बाजूची पहिली ओळ अशी: १ सुलट, १ उचलून-विणून-ओढा, शेवटचे ३ राहीपर्यंत सुलट, २ एकत्र, १ सुलट. गंमत म्हणजे उजव्या बाजूची पहिली ओळसुद्धा शब्दशः हीच असते, कारण दोन्ही टोकांना घट आहे. फरक तिसऱ्या ओळीत पडतो. डाव्या बाजूला मुंढा ओळीच्या सुरुवातीला येतो: १ सुलट, १ उचलून-विणून-ओढा, बाकी सगळे सुलट. उजव्या बाजूला मुंढा शेवटी येतो: शेवटचे ३ राहीपर्यंत सुलट, २ एकत्र, १ सुलट. पहिली ओळ सारखी म्हणून तिसरीही डावीसारखीच विणली की घट मुंढ्याऐवजी गळ्याला पडते आणि व्ही एका बाजूला ओढला जातो. हातासरशी उजव्या बाजूचा वेगळा तक्ता लिहून ठेवला तर दहा मिनिटं जातात, पण उसवणं वाचतं.

मुंढ्याला दर दुसरी आणि गळ्याला दर चौथी ओळ कशासाठी, याचं उत्तर टाक्याच्या आकारात आहे. समजा या स्वेटरची मोजणी १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी अशी आहे. म्हणजे एक टाका सुमारे ४.५ मिलिमीटर रुंद आणि ३.३ मिलिमीटर उंच. टाका चौरस नसतो, आडवा असतो. दर दुसऱ्या ओळीत एक टाका कमी केला की कड ६.७ मिलिमीटर वर जाताना ४.५ मिलिमीटर आत येते, तो काखेचा जलद वळणारा भाग. दर चौथ्या ओळीत कमी केला की तेवढंच आत यायला १३ मिलिमीटर चढावं लागतं, आणि गळ्याचा लांबट उतार मिळतो. गळा दोन्हीकडून १६-१६, म्हणजे ३२ टाके रुंद, १४.५ सेंटिमीटर, खोली ६१ ओळी, २० सेंटिमीटर. चौकटीच्या वहीवर हाच गळा काढला तर भलताच अरुंद आणि खोल दिसतो, कारण वहीचे चौकोन चौरस आहेत. फूल किंवा गोल विणायचा असेल तर हे विसरून चालत नाही: वहीवरचा गोल स्वेटरवर चपटा होतो.

मोजणीतला थोडासा फरक केवढा पडतो ते पाहा. पाठ ११२ टाक्यांची, त्यातले २ शिवणीत जाणार. २२ च्या मोजणीने ११० टाके ५० सेंटिमीटर भरतात, स्वेटरचा पूर्ण घेर १०० सेंटिमीटर. ९२ सेंटिमीटर छातीला तो मोकळा बसतो. हात सैल असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये २० च टाके बसत असतील तर घेर ११०. हात घट्ट, २४ टाके, तर घेर ९२ पेक्षाही किंचित कमी. चार टाक्यांच्या फरकात अठरा सेंटिमीटर गेले.

त्यामुळे नमुना विणायला आळस करू नये. निदान १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, स्वेटर जसा धुणार तसाच धुवा, सपाट वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये मोजा. कडेला मोजू नये. सुलट विणीच्या बाजूच्या कडा मागे वळतात आणि वर-खालच्या कडा पुढे वळतात, कारण प्रत्येक टाक्यात धागा वाकवलेला असतो आणि सरळ व्हायला धडपडतो. सगळे टाके एकाच दिशेने ओढलेले असल्याने ती धडपड एकवटते. एक सुलट एक उलट विणीत ती परस्परांना अडवते, म्हणून काठ सपाट राहतो. त्याच विणीत सुलट टाक्यांच्या रांगा पुढे येतात, उलट टाक्यांच्या मागे बसतात, कापड पंख्यासारखं मिटतं आणि ताणल्यावर उलगडतं. मनगटाला ही वीण असते ती यासाठीच. धागा स्वतः जवळजवळ ताणत नाही. ताण घेतात ते फास. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये एलिझाबेटा मात्सुमोतो आणि सहकारी याचाच अभ्यास करतात: तोच धागा, तेच दोन टाके, पण मांडणी बदलली की कापडाचा ताण किती बदलतो.

मोजणी जुळत नसेल तर आधी सुया तपासा. आपल्याकडे अनेक घरांतल्या सुयांवर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर आहेत, ज्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत नेमकं उलटं. आपली १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, अमेरिकन १० नंबर ६ मिलिमीटरची. आपली ८ नंबर ४ मिलिमीटर, त्यांची ५. इंटरनेटवरून घेतलेल्या पॅटर्नमध्ये नुसता नंबर असेल तर मिलिमीटर शोधल्याशिवाय टाके घालू नयेत. आणि मिलिमीटर जुळले तरी नमुना विणायचाच, कारण प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो.

काठावरून अंगाकडे जातानाही एक अर्धवट वाक्य भेटतं: ‘१० टाके सारख्या अंतरावर वाढवा.’ दोन सुलट दोन उलट काठाला १०२ टाके असतात, चारच्या पटीपेक्षा दोन जास्त, म्हणजे दोन्ही टोकांना सुलटच्या जोड्या येतात. १०२ चे ११२ करायचे आहेत. सरळ भागाकार करून दर १० टाक्यांनी एक वाढवला तर शेवटची वाढ अगदी कडेजवळ येते, तिथून शिवणीपर्यंत दोनच टाके उरतात. त्याऐवजी दोन्ही टोकांना साधारण अर्धं अंतर ठेवा: ६ टाके विणा, १ वाढवा, मग १० विणा आणि १ वाढवा असं नऊ वेळा, शेवटी ६. सहा, नव्वद आणि सहा, १०२ जुळले.

एकापेक्षा जास्त मापांच्या पॅटर्नमध्ये ‘९६ (१०४, ११२, १२०)’ असे आकडे येतात. आपलं माप तिसरं असेल तर सगळीकडे तिसराच आकडा. पेन्सिलने आधीच शेवटपर्यंत गोल करून घ्या. मध्येच ‘० (०, १, २) वेळा’ असं असेल तर शून्याचा अर्थ ती पायरी तुमच्या मापाला नाही.

आणि पहिला टाका घालण्याआधी पाठ आणि पुढा एकमेकांशी ताडून पाहा. पाठीचे ११२, काखेचे १२ गेले, १०० राहिले. मुंढ्याचे दोन्हीकडे आठ-आठ, ८४ राहिले. पुढच्या भागातला खांदा २६, गळा ३२, खांदा २६. बेरीज ८४. बेरीज जुळली नाही तर आधी आपलं माप परत बघा, मग रकाने, आणि तरीही चुकत असेल तर चूक छपाईची असू शकते; अशा वेळी खांद्याचे टाके दोन्हीकडे समान धरायचे आणि फरक गळ्यात घालायचा.