पहिलटकरणीपुरतं धोरण : आईचा आहार आणि मुलाची शाळा

वडोदऱ्यात शिक्षणाचा विषय निघाला की आपण मराठी माणसं हमखास बडोदा संस्थानाच्या 1906 च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यावर जातो. आधी अमरेलीत प्रयोग, मग सगळ्या राज्यात सक्ती; मुलगे 7 ते 12, मुली 7 ते 10. अभिमान रास्तच आहे. पण तो कायदा दाराशी यायचा तो मूल सात वर्षांचं झाल्यावर. वर्गात त्याचं लक्ष किती लागेल, सांगितलेलं किती लक्षात राहील, यातलं काही तरी आईच्या ताटात आधीच ठरून गेलेलं असतं, हा विचार राज्यकारभारात यायला पुढे कित्येक दशकं गेली.

मधे शास्त्रानेच गोंधळ वाढवला. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेले मुलगे 19 व्या वर्षी लष्करी तपासणीला आले, तर बुद्धिचाचणीत फरक दिसला नाही. 1970 च्या दशकात हे निष्कर्ष आले आणि 'बाळ आईकडून आपलं बरोबर काढून घेतं' या समजुतीला बळ मिळालं. मात्र ती उपासमार काही महिन्यांची होती, एरवी पोटभर खाणाऱ्या समाजातली. लग्नाआधीपासूनच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तो दाखला लावणं चूकच.

आपल्या शहरात भर राहिला तो रक्तावर. इथल्या विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेतल्या संशोधकांनी 1980 च्या दशकात शाळकरी मुलांना लोहाच्या गोळ्या देऊन त्यांच्या आकलनाच्या चाचण्या घेतल्या. पुढे वस्त्यांमधल्या किशोरवयीन मुलींना रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड तीन महिने दिलं, तेव्हा त्यांची भूक आणि वजन वाढलं. गर्भारपणाशी थेट दुवा जुळला तो नेपाळमध्ये: आईने गरोदर असताना लोह-फॉलिक ॲसिड घेतलेलं असेल, तर 7 ते 9 वर्षांची मुलं स्मरणाच्या आणि स्वतःला आवर घालण्याच्या चाचण्यांत पुढे होती. हे निष्कर्ष 2010 चे. आपल्याकडे गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या 1970 पासून वाटल्या जात आहेत, म्हणजे वाटप आधी आणि शाळेचा पुरावा चाळीस वर्षांनी. तरीही मळमळ, काळी शी आणि 'बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल' ही सासूबाईंची धास्ती, यांपायी गोळ्यांची पाकिटं फडताळात तशीच पडून राहतात.

खरा वाद पैशांचा आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये देऊ केले. सरकारी नोकरदार वगळता पहिली खेप, दुसरी खेप असा भेद कायद्यात नव्हता. प्रत्यक्षात 2017 पासूनच्या केंद्रीय योजनेत 5000 रुपये मिळू लागले, तीन हप्त्यांत, आणि तेही पहिल्या जिवंत अपत्यापुरते. उरलेली रक्कम दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या जुन्या मदतीतून धरायची. डोहाळजेवणाचा थाटही पहिलटकरणीचाच असतो. पण घरच्या कौतुकाचा नियम सरकारने का उचलावा? अंगातलं लोह आटतं ते लागोपाठच्या बाळंतपणांत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाई जास्त अशक्त, आणि हिशेबाबाहेर तीच.

2022 मध्ये या केंद्रीय योजनेत दुरुस्ती झाली. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000 रुपये, एकरकमी. मुलीच्या जन्माचं स्वागत हा हेतू चांगलाच. पण मुलगी आहे हे कळणार जन्मानंतर, पैसे मिळणार त्याच्याही नंतर. ज्या नऊ महिन्यांत त्या पैशांची डाळ-भाजी पोटात जायला हवी, ते तोवर सरलेले. आणि मुलगा झाला तर? त्याच्या आईचं रक्त काय आपोआप भरून येतं?

त्याच वर्षी 18 जूनला वडोदऱ्याच्या सभेत राज्याची मातृशक्ती योजना सुरू झाली: दरमहा 2 किलो चणे, 1 किलो तूरडाळ, 1 लिटर तेल. आंगणवाडीतून गरोदर बायकांना मिळणाऱ्या तयार पिठाच्या पाकिटावरही 'मातृशक्ती'च छापलेलं, त्यामुळे घरी कुणाला काय मिळालं याचा घोळ होतो, तो वेगळाच. पैशांऐवजी धान्य हे मला पटतं, तरी पिशवी घरी गेली की ती डाळ सगळ्यांच्या पातेल्यात पडते आणि सून जेवते शेवटी. ही योजना येण्याआधीच, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातच्या गरोदर बायकांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण 2015-16 मध्ये 51.3 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 62.6 टक्क्यांवर गेलं.

त्याच सभेत आदिवासी तालुक्यांसाठी दुसरी योजना वाढवली गेली: बाईने आंगणवाडीत येऊन गरम जेवण तिथेच बसून जेवायचं. 2013 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेलं छोटा उदेपूर तिच्यात येतं. शहरातल्या वस्त्यांना मात्र ती लागू नाही.